निदान

क्लच नवा बसवून आणला त्याला चौथा दिवस
आणि हॅलिफॅक्सच्या आमच्या उभ्या चढाच्या गल्लीत
गाडीखाली डाग.
सकाळी रुपयाएवढा, संध्याकाळी पुरीएवढा.

कुठंतरी पाणी मुरतंय, म्हणतात आपल्याकडे.
इथं मुरत नव्हतं, टपकत होतं,
आणि पाणीही नव्हतं.
निदान पाणी असतं तर एसीचं म्हणून सोडून दिलं असतं,
पण मार्चात, यॉर्कशरात, एसी लावतं कोण?

शनिवारी रात्री फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
गाडीखाली सरकवला, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या,
पेनाने लिहिलं: बंपर. डावं चाक. उजवं चाक.
उताराचा भरवसा नाही.
थेंब जिथं पडतो तिथून निघालेला नसतो,
आधी एखाद्या बोल्टच्या माथ्यावर थांबतो,
पत्र्याच्या कडेकडेने चालत जातो
आणि भलत्याच्याच नावावर पडतो.

सकाळी पाच थेंब.
तपकिरी, डाव्या चाकाकडे झुकलेले,
बोटांत चोळले तर एरंडेलासारखे.
फोनवर भाऊ म्हणाला, वास घे.
ब्रेकचं तेल असेल तर माशासारखा येईल,
इंजिनचं असेल तर जळका,
आणि गिअरचं असेल तर, तुला कळेलच.

मला कळणार नव्हतं.
दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापापासून
मला कशाचाच वास येत नाही.
फोडणी करपलेली धुरावरून समजते.
दूध तारीख वाचून पिते.
भावाला हे सांगितलेलं नाही.

पुठ्ठा काखेत मारून शेजारचं दार वाजवलं.
मिसेस होल्ड्सवर्थ, वय ब्याऐंशी,
अंगात गाऊन, हातात मार्मालेडचा चमचा.
जरा हे हुंगून सांगाल का,
असं रविवारी सकाळी कुणाला कसं विचारायचं?
विचारलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकल्या,
आणि वाकलेल्याच राहिल्या.

"अंडी," म्हणाल्या. "कुजकी. थोडा लसूण.
हा तर आमच्या न्हाणीघरात तीस वर्षं होता.
नॉर्मन बसच्या डेपोत होता ना.
बाह्या दोनदा धुवायचे मी,
तरी उशीला यायचा."
मग पुन्हा वाकल्या.
माझं निदान झालं होतं.
त्यांचं हुंगणं संपलं नव्हतं.
मी दारात उभी, चमच्यातलं मार्मालेड गाऊनवर ओघळताना बघत.

सोमवारी नजाकतच्या गॅरेजात गाडी वर चढली.
त्याने सगळं पुसून कोरडं ठणठणीत केलं,
खणातून बाळाची पावडर काढली
आणि न्हाऊमाखू घातलेल्या पोराला लावावी तशी
गिअरबॉक्सला थापली.
इंजिन चालू. चाकं हवेत फिरत राहिली.
आम्ही दोघं खाली माना वर करून.
सातव्या-आठव्या मिनिटाला पांढऱ्यावर एक ओली रेघ उगवली,
डाव्या शाफ्टच्या मुळाशी.
सील. ओठ नखाएवढा फाटलेला.

"शाफ्ट परत घालताना लागला असणार," म्हणाला.
मग रेडिओ बंद करून: "म्हणजे मीच लावला, बाजी."
कान लालबुंद.
नाव नजाकत, आणि हातून हे.
ओठांवर आलेलं गिळलं मी.
सहा पौंडांचं सील, तेल गळ्यापर्यंत,
पैसे काही घेईना.
चहा मात्र पाजला. वेलची घातलीय म्हणाला.
मी म्हटलं, हो, छान लागतेय.

मंगळवारी नवा पुठ्ठा, कोरडा.
बुधवारी त्याच्यावर एका गोगलगाईची चकचकीत वाट,
तीही बंपरपासून निघून चाकाआधीच वळलेली.

जुना पुठ्ठा शेजारीच राहिलाय.
गुरुवारी त्यांचा रिसायकलिंगचा डबा बाहेर आला,
मी जाता जाता झाकण जरासं उचललं:
वर्तमानपत्रं, बाटल्या, मार्मालेडच्या दोन बरण्या,
स्वच्छ धुतलेल्या.
पुठ्ठा नव्हता.